विद्यार्थी, हवामानबदल आणि हरकतीची मुदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात कायद्याच्या चौथ्या वर्षाला शिकते. गाव महाड तालुक्यातलं. कॉलेजात आम्ही काही मुलंमुली मिळून एक अभ्यासगट चालवतो. सरकारी अधिसूचना, प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल, वृक्षतोडीच्या नोटिसा वाचायच्या, त्यांचा मराठीत सोपा गोषवारा करायचा आणि ज्यांच्या दारात प्रकल्प येणार आहे त्यांच्या हातात तो मुदत संपण्याआधी द्यायचा, हे आमचं मुख्य काम. गटात नव्याने येणारी मुलं, त्यांचे आईवडील, गावाकडची माणसं पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. मतं माझी आहेत. गटात प्रत्येक मुद्द्यावर एकमत आहे असं नाही.

तुम्ही आंदोलक आहात की अभ्यासक?

दोन्ही. मोर्चाला जातो, घोषणाही देतो. पण आपल्याकडचे पर्यावरणाचे बहुतेक लढे हरकतीची मुदत टळून गेल्यावर सुरू होतात, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललं आहे. झाडाला करवत लागते तेव्हा बातमी होते आणि मग आपण धावतो. त्याच्या कितीतरी आधी एखाद्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात नोटीस येऊन गेलेली असते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात पाहण्यासाठी ठेवलेला असतो. तो वाचायला वेळ लागतो, इंग्रजी लागतं आणि चिकाटी लागते. शेतकऱ्याला, मच्छीमाराला, पाड्यावरच्या माणसाला दिवसाची मजुरी बुडवून ते शक्य नसतं. आपल्याला असतं. म्हणून हे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावं, असा माझा आग्रह आहे.

हवामानबदल हा शहरातल्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा विषय नाही का? गावात प्यायला पाणी नाही.

प्यायला पाणी नाही, हाच तर हवामानाचा प्रश्न आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याआधी २०१४ च्या मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्यात आणि विदर्भात काढणीला आलेला गहू आणि हरभरा झोपवला होता. या दोन गोष्टींची झळ शहरातल्या इंग्रजी माध्यमाला बसली नाही.

आमच्या भागाचं सांगते. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तेच पाणी सावित्रीतून खाली महाडच्या बाजारपेठेत शिरलं, आणि त्याच दिवशी तळीये गावावर डोंगर आला. दोन वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर आला. त्याआधी २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलंच होतं. प्रत्येक दरडीचं खापर हवामानबदलावर फोडू नये, हे मला मान्य आहे. उतारावरची खोदाई, तुटलेलं जंगल, अडवलेले ओढे हीही कारणं असतात. पण थोड्या वेळात प्रचंड पाऊस पडण्याचे प्रसंग वाढले आहेत, आणि उताराची नासाडी झालेल्या डोंगरावर तो पाऊस पडला की माणसं मरतात. दोन्ही कारणं एकाच ठिकाणी भेटतात आणि दोन्हींवर धोरण लागतं.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात झालेल्या सरकारी सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा माणसं गेली. त्यात शहरी उच्चभ्रू कोण होतं? बहुतेक जण गावोगावहून श्रद्धेने आलेले होते. दुपारचे कार्यक्रम, बांधकामावरच्या मजुरांच्या कामाच्या वेळा, शाळांच्या वेळा हे सगळं उन्हाप्रमाणे ठरवणं हेसुद्धा हवामानाचं धोरणच आहे, आणि ते मागायला पदवी लागत नाही.

सरकारी निर्णयात विद्यार्थ्याला बोलायला जागा तरी कुठे असते?

लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त असते. फक्त ती थोड्या दिवसांसाठी उघडते.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे जनसुनावणी. खाण, औष्णिक वीज केंद्र, बंदर, मोठा कारखाना अशा अनेक प्रकल्पांना १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी परिणामांचा अहवाल तयार होतो आणि प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास सुनावणी होते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी असतात. नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि लोकांना किमान तीस दिवस मिळावे लागतात. अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणीचं चित्रीकरण होतं. सुनावणीला हजर राहता आलं नाही तर लेखी म्हणणंही पाठवता येतं.

आता यातली खोच. सुनावणीला गणसंख्येची अट नाही. चार माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. आणि मराठीत मिळतो तो फक्त गोषवारा. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो, आणि खरी माहिती त्याच्या परिशिष्टांत असते: पाणी कुठून उचलणार, राख कुठे टाकणार, हवेचे नमुने कोणत्या महिन्यात घेतले. म्हणून आम्ही अहवाल परिशिष्टांपासून वाचायला सुरुवात करतो. २०२३ च्या मे महिन्यात नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे दोन नवे संच बसवण्यासाठी सुनावणी झाली. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात सुनावणी ठेवली की कोण येऊ शकेल आणि कोण येणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अशा वेळी लेखी हरकत फार मोलाची ठरते.

दुसरी जागा झाडांची. महाराष्ट्रात शहरी भागांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाड तोडण्याआधी नोटीस लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. मुदत बहुतेक वेळा सातच दिवसांची असते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हटलं, आणि जितक्या वर्षांचं झाड तोडाल तितकी नवी झाडं लावा असं बंधन घातलं. त्यामुळे नोटिशीत झाडाचं वय किती लिहिलं आहे, ही आता कळीची गोष्ट झाली आहे. वनस्पतिशास्त्राच्या मुलांना आम्ही हेच सांगतो: टेप घेऊन जा, खोडाचा घेर मोजा, नोटिशीतल्या वयाशी ताडून पाहा. तुमच्या अभ्यासाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

तिसरी जागा मसुदा अधिसूचनांची. केंद्राने एखादा नियम बदलायचा ठरवला की मसुदा राजपत्रात येतो आणि साधारण साठ दिवसांत हरकती मागवल्या जातात. २०२० चं उदाहरण माझ्या पिढीला विसरता येणार नाही. २००६ ची अधिसूचना बदलणारा मसुदा मार्च २०२० मध्ये आला. त्याच सुमारास देश टाळेबंदीत गेला. मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत. त्यात सुनावणीसाठी लोकांना मिळणारे तीस दिवस वीसवर आणायचं सुचवलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० ला मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुद्याचे आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत अनुवाद करायला सांगितलं. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयातही गेलं. पंधरा लाखांहून जास्त हरकती पोचल्या, त्यांत विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा होता. तो मसुदा आजतागायत अंतिम झालेला नाही. त्यातल्या काही तरतुदी नंतर छोट्या छोट्या कार्यालयीन आदेशांतून मागच्या दाराने आल्या, हेही खरं. म्हणून राजपत्र वाचण्याची सवय एका मोहिमेपुरती ठेवून चालत नाही.

हरकतींनी खरंच काही होतं का? आरेत तर झाडं गेलीच.

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा निराशा असते. घटना क्रमाने पाहू.

मेट्रो-३ च्या कारशेडसाठी, म्हणजे गाड्या ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या जागेसाठी, मुंबईच्या आरे कॉलनीतली झाडं तोडायला मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ ला परवानगी दिली. त्याआधी ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. तरी परवानगी मिळाली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सुट्टीत, खास खंडपीठ बसवून तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं गेली होती.

पुढे एका सरकारने कामाला स्थगिती दिली, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेली, तो निर्णय कोर्टात अडकला, २०२२ मध्ये पुढच्या सरकारने ती परत आरेत आणली. आज मेट्रो आरेतूनच धावते. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कंपनीला दहा लाखांचा दंडही केला, कारण न्यायालयाने ८४ झाडांबाबत मुभा दिली असताना कंपनी त्याहून जास्त झाडांसाठी प्राधिकरणाकडे गेली होती. पण त्या झाडांना परवानगीही मिळाली.

तर मग हाती काय लागलं? कारशेडची लढाई आपण हरलो, हे सरळ सांगायला हवं. पण आरेतली मोठी जमीन राखीव वन म्हणून घोषित झाली, ती त्या आवाजाशिवाय झाली नसती. आणि कायद्याची विद्यार्थिनी म्हणून मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कोर्टात उभं राहिल्यावर पहिला प्रश्न येतो: तुम्ही वेळेत हरकत घेतली होती का? ऐंशी हजार हरकती प्राधिकरणाने बाजूला सारल्या असतील, पण त्या कागदावर आहेत. ‘लोकांचा विरोध नव्हता’ हे वाक्य आरेबद्दल कुणाला कधीच लिहिता येणार नाही.

आरेच्या गोष्टीत आपल्या बाजूची एक उणीवही मला खुपते. शहरांतल्या आम्हा शिकलेल्या पोरांनी ती झाडं विरुद्ध मेट्रो अशी सांगितली. तिथे सत्तावीस आदिवासी पाडे आहेत, वारली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांचं राहतं घर, वीज, पाणी, शेताच्या तुकड्याचा हक्क हे प्रश्न घोषणांत नव्हते, असले तर शेवटच्या ओळीत होते. पुढच्या लढ्यात ते पहिल्या ओळीत हवेत.

म्हणजे तुम्हाला मेट्रो नको?

हवी. लाखो माणसं गाडीतून उतरून मेट्रोत बसली तर धूर कमी होतो. वाद कारशेडच्या जागेचा होता, मेट्रोचा नव्हता.

वेळेत हालचाल झाली आणि फरक पडला, असं एक तरी उदाहरण आहे का?

गोव्यातलं मोले. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून साधारण २४० चौरस किलोमीटरचं जंगल. त्यातून तीन प्रकल्प जाणार होते: रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने त्यांना मान्यता दिल्या, काही तर एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, दूरदृश्य बैठकीत. गोव्यातल्या तरुणांनी, विद्यार्थ्यांनी, संशोधकांनी, चित्रकारांनी मिळून त्यावर जे काम केलं, ते प्रत्येक अभ्यासगटाने बघावं असं आहे. काहींनी अहवाल वाचून त्यांतल्या चुका काढल्या, काहींनी प्राण्यांची आणि झाडांची चित्रं काढून त्या चुका लोकांना समजतील अशा केल्या. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदोरला रेल्वेमार्गावर हजारो माणसं जमली. आणि सोबत कोर्टातलं काम चालूच होतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला, आणि ९ मे २०२२ ला न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली.

चित्र, मोर्चा आणि कागद ही तिन्ही कामं तिथे एकमेकांना धरून चालली. आमच्या गटात कलाशाखेची मुलं ‘आमचा काय उपयोग’ असं विचारतात तेव्हा मी मोलेचं सांगते.

विद्यार्थ्यांचं कोण ऐकतं?

१९७९ मध्ये दिल्लीतल्या शाळा-कॉलेजातल्या मुलांनी तिथल्या ‘रिज’ या टेकडीपट्ट्यावरचं जंगल वाचवण्यासाठी आवाज उठवला आणि त्यातून ‘कल्पवृक्ष’ हा गट उभा राहिला. १९८३ मध्ये त्यांच्यातले काही जण, हिंदू कॉलेजच्या निसर्ग मंडळाच्या मुलांसोबत, नर्मदेच्या खोऱ्यात पायी फिरले. धरणांमुळे काय बुडणार हे त्यांनी गावोगाव विचारलं, टिपलं आणि पुढच्या वर्षी छापलं. नर्मदेवरच्या धरणांचा प्रश्न देशापुढे येण्याआधी त्यावर झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी तो एक होता. तो करणारे विशीतले होते. त्या संस्थेचं काम आज पुण्यातून चालतं, आणि इथल्याच कितीतरी विद्यार्थ्यांना ते ठाऊक नसतं.

दुसरं उदाहरण फार लांबचं, पण मला सगळ्यात जास्त बळ देणारं. २०१९ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या द्वीपराष्ट्रात, दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडून वदवून घ्यायचं. त्यांनी आपल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतू सरकारने मागणी उचलली. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव एकमताने केला. २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांवरची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडली तर नुकसानभरपाईचीही वेळ येऊ शकते. हे मत बंधनकारक निकाल नाही. तरीही जगभरची न्यायालयं पुढची कित्येक वर्षं त्याचा आधार घेतील. सुरुवात एका वर्गखोलीत झाली होती.

प्रदूषण अमेरिका, युरोप आणि चीनने केलं. भारताने का सोसायचं?

न्यायाचा मुद्दा बरोबरच आहे. एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडला जबाबदार असतो, अमेरिकन माणूस त्याच्या साधारण सातपट. आंतरराष्ट्रीय बैठकांत भारताने हे ठासून सांगितलंच पाहिजे, आणि श्रीमंत देशांकडून पैसाही मागितला पाहिजे.

पण ही सरासरी देशाच्या आत काय चाललंय ते झाकते. मलबार हिलच्या माणसाचा आणि मेळघाटच्या माणसाचा धूर सारखा नाही. आणि चंद्रपूरला औष्णिक केंद्राच्या सावलीत राहणारं मूल जी राख श्वासात घेतं, ती काही अमेरिकेतून येत नाही. सरकारने स्वतःच वचनं दिली आहेत: २०७० पर्यंत नेट झिरो (हवेत जितका कार्बन सोडू तितका परत शोषला जाईल अशी स्थिती), आणि २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता (देशाच्या दर रुपयाच्या उत्पन्नामागे होणारं उत्सर्जन) ४५ टक्क्यांनी कमी. निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची करण्याचं वचन तर २०२५ मध्येच पुरं झालं. क्षमता म्हणजे तयार झालेली वीज नव्हे, कोळशावर आजही सगळ्यात जास्त वीज बनते, हे लक्षात ठेवा. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा आणला, त्यात २०५० चं लक्ष्य आहे. तुमच्या शहराचा आराखडा आहे का, त्याला यंदाच्या अंदाजपत्रकात किती रुपये मिळाले, हे आपल्या नगरसेवकाला विचारायला अमेरिकेची परवानगी लागत नाही.

सौरऊर्जा आली की प्रश्न सुटेल ना?

सोपा होईल. आपोआप सुटणार नाही. २१ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा स्पष्टपणे म्हटलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये येतो. हा निकाल ज्या खटल्यात आला तो होता माळढोक पक्ष्याचा. राजस्थान-गुजरातेत सौर आणि पवन प्रकल्पांच्या विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात, म्हणून तारा जमिनीखाली घाला असा आधीचा आदेश होता. तो न्यायालयाने शिथिल केला, कारण स्वच्छ विजेचीही निकड आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे, त्यामुळे हा पेच आपल्याला परका नाही.

म्हणून सौर प्रकल्प म्हटलं की डोळे झाकून होकार, असं मी करत नाही. जमीन कुणाची, गायरान होतं का, तिथे चरणाऱ्या मेंढ्यांचं काय होणार, हे विचारते. वीज स्वच्छ असली तरी ती उभी करताना धनगरांचा रस्ता बंद होता कामा नये.

केस झाली तर? आमच्या मुलीच्या नोकरीचं काय? (हा प्रश्न पालकांचा.)

काका-काकू, तुमची काळजी खरी आहे आणि ती उडवून लावणारे कार्यकर्ते मला आवडत नाहीत. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (चारित्र्य पडताळणीसाठी भरायच्या अर्जात) गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. जमावबंदीचा आदेश लागू असताना जमणं वेगळं आणि वृक्ष अधिकाऱ्याला हरकतीचं पत्र देणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीसाठी केस होत नाही. आरेत अटक झालेल्यांवरचे गुन्हे मागे घेण्याची घोषणा नंतर सरकारने केली, पण तोवर त्या मुलांच्या घरांनी काय सोसलं असेल याची मला कल्पना आहे.

तरीही भीती घालण्याचे प्रयत्न होतात. जुलै २०२० मध्ये पर्यावरण मंत्र्यांना ईमेल पाठवण्याची सोय करणारं ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर इंडिया’चं संकेतस्थळ बंद पाडलं गेलं, आणि दिल्ली पोलिसांच्या नोटिशीत थेट दहशतवादविरोधी कायद्याचं कलम होतं. ते चुकून लागलं, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. हरकत पाठवणं हा गुन्हा नाही, सरकारने स्वतः मागवलेली गोष्ट आहे. तुमच्या मुलीला हे नीट माहीत असेल तर ती कमी घाबरेल आणि जास्त जपून वागेल.

स्ट्रॉ, प्लास्टिक, वृक्षारोपण हे करायचं की नाही?

करा. पण महाविद्यालयाचं पर्यावरणाचं सगळं काम तेवढ्यावर संपू देऊ नका. जूनमध्ये रोप लावतानाचा फोटो सगळीकडे दिसतो, एप्रिलमध्ये त्याच रोपाला पाणी कोण घालतं ते विचारा.

पदवीला पर्यावरणाचा सक्तीचा पेपर असतोच. तो पुरेसा नाही का?

तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे आला, यामागची इच्छा फार चांगली होती. पण ओझोनचा थर आणि अन्नसाखळीच्या व्याख्या पाठ करून आपण पास होतो, आणि आपल्या गावच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याने काय अधिकार दिले आहेत ते आपल्याला ठाऊक नसतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हा धडा त्या पेपरात पहिला हवा. प्रकल्प म्हणून एखाद्या खऱ्या जनसुनावणीचा अहवाल लिहू द्या, असं आपल्या प्राध्यापकांना सुचवून पाहा. अनेक जण आनंदाने हो म्हणतात.

तुम्ही कोणत्या पक्षाचे?

कुठल्याच नाही. कारशेडच्या तीन निर्णयांत जवळजवळ सगळे मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत होते.

कोर्टात जायला खूप पैसे लागतात का?

पर्यावरणाच्या खटल्यांसाठी खास असलेल्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. महाराष्ट्र, गुजरात, गोवा त्याच्या कक्षेत येतात. नुकसानभरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी हजार रुपये. स्वतः उभं राहून बाजू मांडता येते. खरी अडचण मुदतीची असते. पर्यावरण मंजुरीविरुद्धचं अपील तीस दिवसांत करावं लागतं, सबळ कारण असेल तर आणखी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्यानंतर लवादही काही करू शकत नाही.

मंजुरी न घेताच बांधकाम करायचं आणि मग मागाहून मंजुरी घ्यायची, या प्रथेविरुद्ध मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेने लढा दिला. १६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा बेकायदा ठरवली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. मला हे चुकीचं वाटतं. आधी परवानगी, मग काम, हा क्रम उलटला तर जनसुनावणीला अर्थच उरत नाही, कारण लोक ज्यावर बोलणार ते आधीच उभं असतं. अल्पमतातल्या न्यायाधीशांचं निकालपत्र जरूर वाचा.

मी कायद्याची नाही, कृषी पदविका करते. माझा काय उपयोग?

तुझ्याएवढा आमचा नाही. मातीचा, पाण्याचा, पिकाचा मुद्दा तूच तपासू शकतेस. एखाद्या अहवालात ‘परिसरातली जमीन पडीक’ असं लिहिलेलं असतं आणि तिथे नाचणी, वरी होते, हे शेतीतलंच माणूस ओळखतं. माहिती अधिकाराचा अर्जही तुला करता येईल: साधं पत्र, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. एका अर्जात भारंभार प्रश्न विचारू नकोस. नेमका कागद माग: अमुक तारखेचा पाहणी अहवाल, अमुक बैठकीचं इतिवृत्त.

हरकतीचं पत्र नेमकं कसं लिहायचं?

मराठीत लिहा. राज्याची राजभाषा मराठी आहे, इंग्रजीत लिहिलं तरच घेतात हा समज चुकीचा.

ज्या अधिकाऱ्याच्या नावाने नोटीस आली, त्याच पदाच्या नावाने पत्र. विषयात नोटिशीचा क्रमांक आणि तारीख. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण आणि या प्रकल्पाशी तुमचा संबंध काय: तिथे राहता, तिथून पाणी येतं, तिथे शिकता. मग मुद्दे. प्रत्येक मुद्द्यासोबत अहवालाचा पान क्रमांक द्या. ‘पर्यावरणाची हानी होईल’ एवढं लिहिलं तर उत्तरात ‘योग्य उपाययोजना केली जाईल’ एवढंच येतं. ‘पान अमुकवर ओढा हंगामी म्हटला आहे, पण तो मे महिन्यातही वाहतो, सोबत तारखेसह फोटो’ असं लिहिलं तर त्याचं उत्तर द्यावं लागतं. हजार जणांनी एकच मजकूर छापून सह्या केल्या की तो बऱ्याचदा एकच हरकत म्हणून मोजला जातो. दहा जणांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या विहिरीबद्दल लिहिलेलं जास्त कामाला येतं. शेवटी मागणी स्पष्ट लिहा: परवानगी नाकारा, किंवा पर्यायी जागा तपासा, किंवा संपूर्ण अहवाल मराठीत देऊन सुनावणी पुन्हा घ्या. सुनावणीत तोंडी बोलायचंही असेल तर तेही लिहा.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयाच्या आवक विभागात द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का, आवक क्रमांक आणि सही घ्या. कारकून म्हणाला ‘ठेवून जा, शिक्का नंतर मारतो’, तर तिथेच थांबा. ईमेलनेही पाठवत असाल तर मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, मेल परत आला तर दुसरा मार्ग शोधायला वेळ हवा. शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो काढून गटातल्या दोघा-तिघांकडे ठेवा, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.